खाजकुहिलीला सेट्रिझिन का पुरत नाही

'खाज-सूज म्हणजे हिस्टामिन, सेट्रिझिन घेतली की विषय संपला' असं बरेचजण म्हणतात. हिस्टामिन म्हणजे अॅलर्जीत अंगात सुटणारं, खाज आणणारं रसायन, आणि सेट्रिझिन म्हणजे ते अडवणारी गोळी. पण हे मत अर्धंच बरोबर आहे. आमच्याकडे यावल-पालच्या बाजूला सातपुड्यात हिवाळ्यात खाजकुहिलीच्या शेंगा वाळतात. गुरं चारणाऱ्यांना विचारून बघा. ती तपकिरी कुसं मानेवर पडली की टोचरी खाज आणि आग, पण पित्तासारख्या गांधी नाहीत. मला सेट्रिझिनने काडीचाही फरक पडला नव्हता.

त्या कुसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं एन्झाइम असतं. ते पार-२ आणि पार-४ या रिसेप्टरांना (पेशींवरच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) चेतवतं, हे २००८ साली दाखवलं गेलं. या रिसेप्टरांचं काम फार वेगळं चालतं: एन्झाइम रिसेप्टरचंच टोक छाटतं आणि उघडं पडलेलं नवं टोक त्याच रिसेप्टरला चिकटून त्याला चालू करतं. आपल्याच मास्ट पेशींतलं (अॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींतलं) ट्रिप्टेज हे एन्झाइमही पार-२ असंच जागं करतं. मग मज्जातंतूंच्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही संदेशवाहक रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या पाझरतात, सूज चढते. शिवाय मिरचीची आग ओळखणारा टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर हळवा होतो, म्हणून सुजलेल्या जागी कोमट पाणीसुद्धा पोळतं. इथे हिस्टामिन अडवून भागत नाही.