विहीर सामाईक, लाईट फुकट, पाणी मात्र शेजारच्या बोअरला. सोलरचा फॉर्म भरू का?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग सांगावा.

आष्टी तालुका, बीड. वडलांच्या नावावर सव्वादोन एकर, कांदा आणि ज्वारी. विहीर आजोबांच्या काळातली, ५५ फूट, तिघा भावांत सामाईक. मोटर ३ एचपीची आणि कनेक्शन अजून आजोबांच्याच नावावर, सातबाऱ्यावर वारस लागले पण लाईटबिलाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतचं बिल सरकार भरतंय त्यात आमचंही शून्य येतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण बांधापलीकडं एकानं साडेचारशे फूट बोअर घेतला, त्याचंही बिल शून्यच. लाईट आली की ऑटो स्विचवर त्याची मोटर आपोआप चालू, गडी घरी झोपलेला. आमची विहीर आता ४० मिनिटं चालते, मग फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) उघडा पडतो, दोन तास थांबा की परत ४० मिनिटं. लाईटच्या दिवसपाळीच्या आठवड्यात जमतं कसंतरी, रात्रपाळी आली की वडील वय ६३ बॅटरी घेऊन विहिरीवर बसणार. मागच्या आठवड्यात डोळा लागला, मोटर कोरडी चालून जळाली, रिवाइंडिंगला साडेचार हजार. बिबट्याचं तर बोलतच नाही.

चुलते म्हणतात आपण पण बोअर मारू. पैसे कुठून आणायचे आणि नाही लागलं तर? माझं म्हणणं सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून सोलर पंप घ्यावा, दिवसाच थोडं थोडं पाणी उपसता येईल. पण त्या विहिरीवर आधीच कनेक्शन आहे, वडलांच्या नावावर नसलं तरी. मग फॉर्म बाद होईल का? आणि पलीकडच्याला काही बोलता येतं का?

प्रतिसाद:
भाऊ, ज्याच्याकडं आधीच वीजजोडणी आहे त्याला सौर पंप मिळत नाही हा नियम आहे, आणि तुमचा अर्ज नेमका तिथंच अडकेल. आधी तिन्ही भावांनी बसून कनेक्शन कुणाच्या नावावर करायचं ते ठरवा, मग बाकीच्यांचं ना हरकत स्टॅम्प पेपरवर घ्या. तरी अर्जाआधी महावितरणच्या सेक्शन ऑफिसला एकदा विचारा. अडीच एकराच्या आत ३ एचपीच बसतो, शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के, एससी एसटीला ५.
बोअरचं म्हणाल तर २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आहे, म्हणजे २०० फूट. आमच्याकडं बोअरचा गाडीवाला पहिल्याच दिवशी त्याच्या खाली जातो, विचारतंय कोण.

धागाकर्ता:
आभारी आहे. चुलते ना हरकत देतील, पण त्यांची अट अशी की सोलर बसला तरी रात्रीची मोटर चालूच ठेवायची. एकाच विहिरीवर दोन मोटरी! हे त्यांना कसं समजवू तेवढं सांगा कुणीतरी.