मदत हवी आहे: स्थिर आकारमान वायुतापमापीवर केवल शून्य उणे ३०६ येत आहे

गंगापूर_रोड
द्वितीय वर्ष बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात जॉलीच्या उपकरणावर (बल्बमधील हवेचे आकारमान तेच ठेवून तिचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजायचा) हवेचा दाब आणि तापमान यांचा आलेख काढला. रेष अगदी सरळ आली आहे, परंतु ती मागे वाढवली की तापमानाच्या अक्षाला, म्हणजे दाब शून्य होईल त्या केवल शून्याला, उणे २७३ऐवजी उणे ३०६ अंश सेल्सिअसला छेदते. प्रयोग दोनदा केला, दोन्ही वेळा तेच. सोमवारी जर्नलवर सही घ्यायची आहे आणि सरांनी "चूक शोधून आण" एवढेच सांगितले आहे. कृपया लवकर सांगावे.

सातपूरकर
बल्बमध्ये ओल आहे. आमच्या कारखान्यात दाबाच्या टाक्यांची चाचणी घेताना हाच त्रास व्हायचा. बल्ब गरम करून त्यातून कोरडी हवा फिरवा, प्रश्न सुटेल.

निवृत्त_मास्तर
सातपूरकर, ओल असती तर गरम करताना पाण्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबात मिसळून रेष अधिक चढी झाली असती आणि छेदबिंदू शून्याच्या जवळ, म्हणजे उणे २७३च्या अलीकडे आला असता. इथे तो पलीकडे गेला आहे. गंगापूर रोड, तुम्ही वाचने दिलेलीच नाहीत. हवेचे आकारमान तेच राहावे म्हणून प्रत्येक वेळी पारा खुणेवर आणूनच वाचन घेतले का?

गंगापूर_रोड
खुणेवर आणूनच घेतले, ते तर करावेच लागते. पाऱ्याच्या पातळ्यांतील फरक, म्हणजे बल्बमधील दाब वातावरणापेक्षा किती कमी-जास्त: वितळत्या बर्फात उणे ६३ मिमी, खोलीच्या २७ अंशांना शून्य, उकळत्या पाण्यात अधिक १६५ मिमी.

एकलहरेवाला
मी अनेक वर्षे कोळशाचे उष्मांक मोजले आहेत, म्हणून सांगतो. बाँब कॅलरीमापीचे पोलादी भांडे बंद असते, आत सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन असतो आणि आकारमान स्थिर असल्यामुळे वायूकडून बाहेर कार्य होत नाही. सगळी उष्णता आंतरिक ऊर्जेतील बदल दाखवते. स्थिर दाबाचा आकडा हवा असेल तर वायूंच्या मोलसंख्येतील फरकाची दुरुस्ती करावी लागते. ती विसरू नका.

निवृत्त_मास्तर
माहिती अचूक आहे, पण मुलाने काही जाळलेले नाही.

पंचवटी_१
चूक केशनलिकेत, म्हणजे बल्ब आणि पाऱ्याची नळी जोडणाऱ्या बारीक नळीत आहे. बल्ब उकळत्या पाण्यात असला तरी नळीतील आणि खुणेच्या वरची हवा खोलीच्याच तापमानाला राहते. नावाला स्थिर आकारमान, पण त्यातील काही हवा तापतच नाही, म्हणून दाब कमी वाढतो. आमच्या वेळी याची दुरुस्ती केल्याशिवाय सही मिळत नसे.

सातपूरकर
मग काचही प्रसरण पावते, तेही धरा!

निवृत्त_मास्तर
दोन्ही कारणांची दिशा बरोबर आहे, मोजमाप जुळत नाही. बोरोसिलिकेट काचेचे आकारमान अंशाला सुमारे एक लाखांशाने वाढते आणि हवेचा दाब ३६६ लाखांशांनी, म्हणजे काचेमुळे एक अंशाचाही फरक पडत नाही. केशनलिकेमुळे ३३ अंशांचा फरक पडायचा तर बल्बच्या एक दशांश इतकी हवा बाहेर हवी. बल्ब साधारण १०० मिलिलिटरचा असतो आणि बाहेरची हवा फार तर एक-दीड मिलिलिटर. आता सांगा, पातळ्यांच्या फरकात वातावरणाचा दाब किती मिळवला?

गंगापूर_रोड
अर्थात ७६० मिमी. त्यात विचारण्यासारखे काय आहे? मोबाइलवरही आज नाशिकचा दाब १००८ हेक्टोपास्कल दिसतो आहे, म्हणजे ७५६ मिमी. चार मिलिमीटरने एवढा फरक पडणार नाही.

निवृत्त_मास्तर
इथेच घोटाळा आहे. हवामानाच्या बातमीत येणारा दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो, नाही तर मुंबई आणि नाशिक यांची तुलनाच करता येणार नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि इथला प्रत्यक्ष दाब ७०० ते ७१०च्या घरात असतो. तुमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर फोर्टिनचा वायुदाबमापी असेल, त्याच्या टाकीतील पारा हस्तिदंती टोकाला लावून वाचा. दुसरे, उकळत्या पाण्याचे तापमान तापमापीवर वाचले की १०० लिहून टाकले?

गंगापूर_रोड
तापमापी ९८ दाखवत होती. जुनी आहे, म्हणून १०० लिहिले. भिंतीवरचा दाबमापी ७०८ दाखवतो, पण तो बिघडला आहे म्हणून कोणीच वापरत नाही.

निवृत्त_मास्तर
दोघेही खरे बोलत आहेत हो! ७०८ मिमी दाबाला पाणी ९८ अंशांनाच उकळते. एकमेकांशी संबंध नसलेली दोन उपकरणे एकच साक्ष देतात आणि तुम्ही दोघांनाही खोटे ठरवले.

एकलहरेवाला
म्हणूनच नाशिकला डाळ शिजायला कुकरला मुंबईपेक्षा जास्त वेळ लागतो.

पंचवटी_१
झाकण लावल्यावर आत दाब वाढतो, तिथे तो फरक फारसा राहत नाही. उघड्या पातेल्यातील डाळीबद्दल बोला.

गंगापूर_रोड
पुन्हा गणित केले. बर्फाला ७०८ वजा ६३ म्हणजे ६४५ मिमी आणि ९८ अंशांना ८७३ मिमी. दर अंशाला २.३३ मिमी चढ, छेदबिंदू उणे २७७. मास्तर, आभारी आहे. उरलेले चार अंश?

निवृत्त_मास्तर
बहुतेक पंचवटीकरांच्या केशनलिकेचे, थोडे सातपूरकरांच्या काचेचे. बाहेरची हवा एक टक्का धरली तर तीनेक अंश हिशेबात बसतात. जर्नलमध्ये हे आकडे लिहा, नुसते "प्रायोगिक चूक" लिहू नका. आलेखाचा मूळ कागदही फाडू नका, सरांना तोच हवा असेल.

पंचवटी_१
केशनलिका हे कारण मी आधीच सांगितले होते, याची नोंद व्हावी.

निवृत्त_मास्तर
नोंद आहे. गंगापूर रोड, बल्ब उकळत्या पाण्यातून काढण्याआधी पाऱ्याची मोकळी नळी खाली घेतली होती ना? नाही तर हवा थंड होऊन आकसते आणि पारा बल्बकडे ओढला जातो.

गंगापूर_रोड
वाचने संपली होती, म्हणून सरळ बल्बच बाहेर काढला. केशनलिकेत पाऱ्याचा बारीक कण अडकला आहे. तो कसा काढावा?

निवृत्त_मास्तर
फुंकून मुळीच काढू नका. प्रयोगशाळा सहायकांना आजच सांगा, सोमवारपर्यंत थांबू नका.