गोंदण चालतं, टॅटू नाही?

"टॅटू हे परदेशी फॅड, आपल्याकडे असलं काही नव्हतं," असं कुणीतरी लिहिलेलं वाचून हसू आलं. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि मनगटाच्या वर तुळशीवृंदावन. गोंदणारीण दारात यायची, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायची, काजळात बुडवून टोचायची आणि वर हळद चोपडायची. आजी सांगायची, दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. नव्वदीत कातडी सुरकुतली, वृंदावन पसरून निळसर डाग झाला, तरी त्यावर बोट फिरवत बसायची. त्यात तिची मर्जी किती होती कोण जाणे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला विचारतंय कोण! आजची पोरं निदान स्वतः ठरवून करतात.

मात्र त्याच सुया सगळ्या आळीला टोचल्या जायच्या, त्याचं कौतुक नको. जत्रेतल्या मशीनवाल्याकडेही तीच भीती: कावीळ बी, सी, एचआयव्ही. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावा. शाईची वाटीही प्रत्येकाला वेगळी हवी. आणि गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे बहुतेकांना रक्तपेढीत गेल्यावरच कळतं.

सैन्यात जायचं असेल तर आधी भरतीचे नियम वाचा, कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू सोडली तर फारशी सूट नाही. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला मात्र सवलत आहे.

प्रेयसीचं नाव गोंदवण्याबद्दल काय बोलावं? पुढे पुसायचं म्हटलं तर लेझरला बऱ्याच फेऱ्या लागतात, त्यातही काळा रंग लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट.