लो कार्ब चालू केल्यापासून स्क्वॉटला दम निघतोय, काय करू?

प्रश्न: भात-चपाती बंद केली, पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरलं, पण आता स्क्वॉटला चौथ्या-पाचव्या रेपलाच (उठाबशीलाच) पाय गळतात. पोट कमी करायचंय पण मसल घालवायचा नाहीये.

प्रतिसाद १: सुरुवातीला उतरलं ते जास्त करून पाणी रे, चरबी नाही. १ ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीरात साठवलेले कार्ब) साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं, कार्ब तोडले की ते जातं आणि मीठही जातं, म्हणून गळल्यासारखं होतं. बीपी नसेल तर ताकात मीठ टाकून पी.

प्रतिसाद २: आधी प्रोटीन किती खातोस ते सांग! वजनाच्या किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम धर, म्हणजे ७० किलोला ११२. एका अंड्यात ६च असतं, चार अंड्यांनी काय होणार? चिकन, पनीर, सोया चंक्स वाढव. आणि बारवरचं वजन उतरवू नकोस प्लीज, हवं तर सेट कमी कर.

प्रतिसाद ३: माझ्या मते एवढे कार्ब तोडायची गरजच नाही, लेग डेला (पायांच्या व्यायामाच्या दिवशी) दोन तास आधी एक ज्वारीची भाकरी खा बिनधास्त. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब तोडायच्या भानगडीत पडू नको, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

प्रश्नकर्ता: गोळी वगैरे नाही. प्रोटीन जेमतेम ६०च भरतंय, उद्यापासून सोया आणतो.