विहिरीत सापडलेले क्रिस्टल : ऍसिडने साफ करू का? आणि घरात मांडायचे कसे?

सिन्नरकर_९१
नमस्कार मंडळी, मामाची विहीर चालू आहे सिन्नर तालुक्यात, साधारण चाळीस फुटावर सुरुंग लावला तर काळ्या दगडात ही एवढी घागरभर पोकळी निघाली आणि आतून सगळं लखलख. गावात बोंब झाली की हिरे सापडले. मामाने एक गोणी भरून घरी आणली, त्यातले काही मी पुण्याला घेऊन आलो.

दोन प्रकार आहेत. एक काचेसारखे स्वच्छ, टोकदार, काहींना हिरवट झाक. दुसरे फिक्कट केशरी, पिकल्या पीचसारखा रंग, आणि आकार म्हणजे गव्हाच्या पेंढीला मधोमध बांधावं तसा. काळा दगड लय जड होता म्हणून मी छिन्नीने पाच-सहा मोठे टोकदार मोकळे करून घेतले (आता वाटतंय चुकलं का काय). त्यावर पांढरट पापुद्रा होता म्हणून एक पीस रात्रभर बाथरूमच्या ऍसिडमध्ये टाकला, आधी फसफसलं, सकाळी बघतो तर चमक गेलेली आणि वर बुळबुळीत जेलीसारखा थर.

एक माणूस येऊन अख्ख्या गोणीचे दोन हजार देतो म्हणाला, मामा देऊन टाक म्हणतोय. हे नक्की आहे काय आणि शोकेसमध्ये कसं ठेवायचं?

गारगोटीवेडा
पहिलं काम, ते ऍसिड लांब ठेवा. दुसरं काम, छिन्नी लांब ठेवा.

हिरे नाहीत. पण वाईट वाटून घेऊ नका, वर्णनावरून काचेसारखे ते अपोफिलाइट आणि केशरी पेंढ्या स्टिल्बाइट, दोन्ही एकत्र येणं हे आपल्या नाशिक, जळगाव, पुणे पट्ट्याचं खास देणं आहे, जगभरचे संग्राहक याच्यावर जीव टाकतात. गारगोटी म्हणजे क्वार्ट्ज असेल अशी शंका असेल तर घरीच बघा. अपोफिलाइटला चार बाजू असतात, क्वार्ट्जला सहा. अपोफिलाइटचं वरचं सपाट तोंड मोत्यासारखं झळकतं आणि बाजू काचेसारख्या, बाजूंवर उभ्या बारीक रेघा असतात. आणि तुमच्याकडे तुटलेला चुरा असेलच (😐), त्यातला तुकडा जुन्या काचेच्या बाटलीवर दाबून घासा, क्वार्ट्ज असेल तर ओरखडा उठतो, अपोफिलाइट काचेपेक्षा मऊ, नाही उठणार. चांगल्या पीसवर हा प्रयोग करू नका.

तयार कसे झाले म्हणाल तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, तोच आपला काळा फत्तर. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकून राहिले, मग पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातून हे भिंतीवर आतल्या बाजूला वाढत गेले. म्हणून टोकं नेहमी पोकळीच्या मध्याकडे. बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं १८५६ ते १८६३, तेव्हाही असलेच निघाले होते आणि साहेब लोक नमुने घेऊन गेले. आपले लोक मात्र खडीत टाकायचे.

ऍसिडचं काय झालं ते सांगतो. पांढरा पापुद्रा कॅल्साइट असणार, तो फसफसून विरघळला, बरोबर झालं. पण त्याच ऍसिडने अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटही खाल्ले, ती जेली म्हणजे त्यांच्यातलीच सिलिका सुटून आलेली. तो पीस गेला, त्याच्यासाठी दोन मिनिटं उभे राहा आणि पुढचे साध्या पाण्याने, मऊ टूथब्रशने धुवा.

आणि काळा दगड जड म्हणून काढला, हेच खरं नुकसान. त्या दगडावर उभा असलेला अपोफिलाइट, बाजूला स्टिल्बाइटची पेंढी, ही जोडी म्हणजे नमुना. सुटा काढला की तो एक चकचकीत खडा. आता उरलेल्यांना हात लावू नका.

मीनल_के
आमच्याकडे हॉलमध्ये ईशान्येला ठेवलाय, घरातली निगेटिव्ह एनर्जी जाते म्हणतात, सासूबाईंना खरंच झोप लागते आता 🙏

गारगोटीवेडा
ताई झोप लागतेय ना, मग मी कशाला बोलू. फक्त खिडकीत उन्हात ठेवू नका एवढंच.

खडीवाले_शेठ
आमच्या घरी पंचवीस वर्षं क्रशर होता वाघोलीकडे, त्यामुळे थोडं सांगतो. निळा कॅव्हनसाइट तुम्ही ऐकला असेल, मोरपिशी निळ्या काड्यांचे गोळे असतात पांढऱ्या स्टिल्बाइटवर, तो पहिल्यांदा सापडला अमेरिकेत ओरेगनला पण बघण्यासारखे निघाले ते आमच्या वाघोलीतच. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांवरून नाव पडलंय. आम्हाला सुरुवातीला माहीतच नव्हतं, मजुरांची पोरं निळ्या गोळ्यांनी खेळायची आणि बाकी सगळं खडी होऊन रस्त्यात गेलं असेल, मोजदाद नाही. नंतर भाव कळला तर सुरुंगानंतर आधी माणूस वाकून बघायचा, मग पोकलेन आत.

आता फसवणुकीचं. बाजारात कॅव्हनसाइटचे गोळे दुसऱ्या दगडावर फेविकॉल छाप चिकटवलेले येतात, भिंगातून बघा, मुळाशी चकचकीत गोंद दिसतो. तसंच ओकेनाइट म्हणून कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे असतात, गुलाबी किंवा हिरवे दिसले तर रंग दिलाय समजा. आणि विहिरीवर येऊन गोणीचा भाव सांगणाऱ्याला पाणी पाजा आणि पाठवा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे म्हणूनच तो आलाय.

डोंगरभटक्या
मांडणीचं कोणी बोललं नाही म्हणून. अपोफिलाइटमध्ये वजनाच्या साधारण १६ टक्के पाणीच असतं, गरम झालं की ते सुटतं आणि पापुद्रे सुटतात, म्हणून पिवळ्या गरम बल्बखाली नको, एलईडी पट्टी चालेल. शेल्फवर थेट ठेवू नका, खाली स्टेशनरीतला चिकट पुट्टीचा गोळा लावा म्हणजे बाईने फडकं मारलं तरी गडगडणार नाही. स्कोलेसाइट निघाला (पांढऱ्या सुया पंख्यासारख्या) तर ब्रशही नको, नुसती पाण्यात बुडवा, सुया मोडतातही आणि बोटात घुसतातही. एसटीने आणणार असाल तर टॉयलेट पेपर भरपूर, वर्तमानपत्राची शाई पांढऱ्यावर उतरते.

आणि प्रत्येक पीसखाली चिठ्ठी. गाव, विहीर, किती फुटावर, तारीख. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नाव नसलेलं पोर, संग्राहक पहिलं तेच विचारतात. सिन्नरलाच गारगोटी म्युझियम आहे, मामांना घेऊन एकदा जाऊन या, आपल्याकडे काय आहे ते तिथे डोळ्याला कळतं. जमलं तर एक पीस बरोबर न्या.

सिन्नरकर_९१
सगळ्यांचे आभार. बाटलीवर घासलं, ओरखडा नाही, बाजू चार. अपोफिलाइट पक्कं. हिरवट झाक असलेला एक तेवढा दगडासकट सुटलाय माझ्या छिन्नीतून, आता तो टीव्हीशेजारी पुट्टीवर बसलाय.

मामाला फोन केला, गोणी विकू नको म्हटलं. तो म्हणे गोणीत तर बारीकसारीकच आहे रे, मोठे मोठे पाटे होते ते उचलत नव्हते, जेसीबीवाल्याने बांधाला लावलेत. म्हटलं त्यावर काय होतं? म्हणे, तेच होतं सगळीकडे, बसलं की टोचतं.

शनिवारी पहिली गाडी पकडतोय.