मदत हवी: घरठाणाचा उतारा कुठे मिळतो?

दर्यावाट: पडवीचे वासे वाळवीने पोखरलेत, हात लावला तर भुगा पडतो. मृगाच्या आत छप्पर उतरवायचंय. पंचायतीत सातबारा, आठ-अ दिले, तरी ‘घरठाणाचा उतारा आणा’ म्हणून परत पाठवलं. आता कुठला कागद राहिला? गवंडी थांबणार नाही, लवकर सांगा.

पोफळी: आठ-अ तलाठ्याचा दिलात ना? त्यात खातेदाराच्या जमिनी असतात, घर नसतं. त्यांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ हवाय. घर क्रमांक, बांधकाम कसलं, घरपट्टी किती, हे त्यात असतं. तो त्यांच्याच दप्तरात आहे, अर्ज करा. घरपट्टी कोणाच्या नावावर? समुद्र किती लांब?

चिरेखाण: कागद होतील हो. लाकूड परत घालू नका, लोखंडी पाइप आणि पत्रा टाका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीत बऱ्याच जणांनी तेच केलं.

पोफळी: खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती टिकतो? आणि वैशाखात दुपारी त्याखाली बसून दाखवा. कौलंच घाला. पण त्यांनी हे विचारलेलंच नाही.

चिरेखाण: कौलं शाकारायला आता माणूस मिळतो का गावात?

हापूस_देवगड: ड्रोनने मोजणी झालीय, प्रॉपर्टी कार्ड काढा. विषय संपला.

पोफळी: ती ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेतली, ती गावठाणातल्या घरांसाठी आहे. यांचं घर सातबाऱ्याच्या जमिनीत दिसतंय.

दर्यावाट: हो, आगरातच आहे. मागच्या गडग्यापलीकडे पुळण, म्हणजे समुद्राची वाळूच. पीकपाहणीत ‘घरपड’ लिहिलंय. घरपट्टी आजोबांच्या नावावर, ते वारले. सातबाऱ्यावर बाबा, काका, आत्या.

बंदरकर: पुळणीचं आधी सांगायचं ना! सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, लागणार. ना-विकास पट्ट्यातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण जोतं वाढवायचं नाही. पडवी पुढे काढायचा विचार असेल तर सोडा. आधी जुन्या जोत्याची मापं घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, मग कौलं उतरवा.

मालवणी_माड: घरपट्टीर नाव लागला म्हणून घर तुमचा एकट्याचा होणा नाय हां. ती कराची नोंद. काका-आत्येक आधी इचारा, मगे गवंड्याक बोलवा.

दर्यावाट: जोतं तेच ठेवणार. काकांचा होकार आहे, आत्या पुण्याला असते. नमुना ८ आजोबांच्या नावाने निघाला तरी चालेल, की आधी वारसांची नावं लावावी लागतील?

पोफळी: उतारा आहे त्या नावाने आजच मागा. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लावायचा अर्जही देऊन ठेवा, पोच घ्या. आत्याच्या सहीचं संमतीपत्र तोवर मागवा.