मदत हवी आहे: नवा कॉम्प्युटर जुन्या नॅसपर्यंत पोहोचत नाही, डीटीपीच्या १३ वर्षांच्या फाइल्स अडकल्या

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, सुरू केलेलं; आता मी पाहते. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, दोन-तीन छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि या दिवसांत पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. त्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. बहुतेक अहवाल मागच्या वर्षीच्या फाइलवरच उभे राहतात. ताळेबंदाचे तक्ते, संचालकांचे फोटो, सगळा साचा तयार असतो, आकडे बदलायचे असतात.

२०१२ पासूनचं हे सगळं काम एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या पेटीवर, आहे. दोन डिस्कची काळी पेटी आहे, दुकानात आम्ही तिला 'काळा डबा' म्हणतो. जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर ती झेड ड्राइव्ह म्हणून दिसते, कधी तक्रार नाही. पण ते मशीन आता दिवसातून दोनदा आपोआप बंद पडतं. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीमुळे दुकान बंद होतं तेव्हा, विंडोज ११ प्रोचं नवं मशीन बसवून घेतलं.

नव्या मशीनवर इंटरनेट आहे, प्रिंटरही चालतो. काळा डबा मात्र दिसत नाही. 'नेटवर्क'मध्ये नाव येत नाही. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्याचा पत्ता १९२.१६८.०.५० टाकला, तर थोडा वेळ थांबून '८००७००३५, नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' येतं. फायरवॉल बंद करून पाहिली, काही फरक नाही, परत चालू केली. नेटवर्क 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं, तरी तेच. त्याच वेळी शेजारच्या जुन्या मशीनवर झेड ड्राइव्ह नीट उघडतो.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते भाऊ म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिल्या ताई, उद्या येतो, डब्यातली एक डिस्क काढून नव्या मशीनला डायरेक्ट लावून देतो." मला हे बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. बाबा तर ऐकूनच गप्प झाले. दुसरी कॉपी कुठेच नाही. उद्या सकाळी ११ वाजता ते येणार आहेत. त्याआधी कुणी सांगू शकेल का?

धंतोलीकर:
ताई, आधी त्या भाऊंना फोन करून उद्या येऊ नका म्हणा. बाकीचं नंतर.

तुमची शंका खरी आहे. त्या डब्याच्या आत लहानसा लिनक्स कॉम्प्युटर असतो आणि डिस्क त्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही. डिस्क लावली की विंडोज विचारतं, 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' किंवा 'इनिशियलाइज करायची का?' घाईत कुणी 'हो' दाबलं की मग डेटा रिकव्हरीवाल्याच्या दारात जायचं. शिवाय दोन डिस्क बहुतेक वेळा एकमेकींचा आरसा म्हणून लावलेल्या असतात, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. त्यातली एक मधूनच काढली तर डबा जोडी तुटली असं धरतो, आणि नेमकी धड डिस्क बाहेर आली आणि आत आजारी राहिली तर काय?

आता तीन गोष्टी पाहून सांगा.

दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका आणि आयपी पत्ते इथे लिहा. नव्या मशीनवरून डब्याच्या पत्त्याला 'पिंग' करा, उत्तर येतं का बघा. आणि कुठली वायर कुठल्या डब्यात जाते ते सांगा. नवं मशीन वायफायवर आहे का? फायबर इंटरनेटवाल्यांनी दिलेला राउटर वेगळा आणि तुमचा जुना वेगळा, असं आहे का?

वर्धारोड:
जुना नॅस आहे म्हणजे एसएमबी १ लागत असेल. विंडोज फीचर्समध्ये जाऊन टिक करा, रीस्टार्ट करा. ५ मिनिटांचं काम.

फुटाळाकाठ:
वर्धारोड, कारण कदाचित तुम्ही म्हणता तेच निघेल, पण हा पहिला उपाय म्हणून सांगू नका. एसएमबी म्हणजे विंडोज ज्या भाषेत दुसऱ्या मशीनवरच्या फाइल मागतं ती भाषा. तिची पहिली आवृत्ती इतकी कच्ची आहे की २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ती नव्या मशीनवर बसवलेलीच नसते. त्याच वर्षी १२ मे रोजी फाइल्स अडवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ते छिद्र बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच आला होता, ज्यांनी लावला नाही त्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या. ज्या दुकानात एकच कॉपी आहे तिथे हे दार उघडायचं नाही.

अगदीच नाइलाज झाला तर विंडोज फीचर्सच्या यादीत एसएमबी १ चे 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' वेगळे असतात. फक्त क्लायंट चालू करावं, काम झालं की बंद. पण ताई, आधी धंतोलीकरांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. ८००७००३५ चा अर्थ बरेचदा साधा असतो: तिथपर्यंत रस्ताच नाही.

धागाकर्ती:
भाऊंना फोन केला. थोडे नाराज झाले, पण मी ठाम राहिले. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

जुनं मशीन: १९२.१६८.०.१०. नवं मशीन: १९२.१६८.१.७. नव्यावरून पिंग केलं तर चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. जुन्यावरून लगेच उत्तर येतं.

दोन राउटर आहेत, बरोबर ओळखलंत. फायबरवाल्यांचा दाराजवळ आहे. त्यातून एक वायर आमच्या जुन्या राउटरला जाते; काळा डबा आणि जुनं मशीन त्या जुन्या राउटरला वायरने जोडलेले आहेत. नवं मशीन फायबरवाल्यांच्या वायफायवर आहे, प्रिंटरही त्याच वायफायवर. इंटरनेट एकच आहे, मग हे नेटवर्कही एकच नाही का?

धंतोलीकर:
सापडलं. इंटरनेट एक, पण नेटवर्क दोन. तिसरा आकडा बघा: जुन्या मशीनचा ०, नव्याचा १. जुना राउटर स्वतःच्या मागे एक वेगळी गल्ली करून बसला आहे. त्या गल्लीतून बाहेर जाता येतं, म्हणून जुन्या मशीनवर इंटरनेट चालतं. बाहेरून आत कुणाला येऊ देत नाही, आणि नवं मशीन बाहेर उभं आहे. फायबर घेतल्यावर जुना राउटर तसाच पुढे जोडून ठेवलेल्या निम्म्या दुकानांत ही अवस्था असते.

नव्या मशीनचं वायफाय बंद करा. जुन्या राउटरच्या मागे लॅनची जागा रिकामी असेल तिथून वायर नव्या मशीनला लावा. वेगळ्या रंगाची किंवा 'वॅन' लिहिलेली जागा सोडून. मग पुन्हा पिंग. प्रिंटर या वायरीवरूनही दिसायला हरकत नाही, तो बाहेरच्या बाजूला आहे; नाही दिसला तर परत जोडून घ्या.

पण त्याआधी एक काम आजच करा. जुनं मशीन चालू आहे तोवर त्यावरून सगळा झेड ड्राइव्ह एका यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. नव्या मशीनचं नंतर बघू. साधं कॉपी-पेस्ट करू नका, 'रोबोकॉपी' वापरा. विंडोज ७ मध्ये ते आहेच. मध्येच मशीन बंद पडलं तर पुन्हा तीच कमांड द्यायची, झालेल्या फाइल्स सोडून ते पुढे जातं. किती जीबी आहे?

धागाकर्ती:
३२० जीबी. बर्डीवरून १ टीबीची डिस्क आणली. रात्री ९ ला लावलं.

फुटाळाकाठ:
जुन्या मशीनचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचं असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतील, म्हणजे ८ तास धरा. यूएसबी २ असली तरी अडचण नाही, अडणार ते नेटवर्कवरच. मशीन आणि डबा दोन्ही यूपीएसवर आहेत ना? मशीन आपोआप बंद होतं म्हणता, तर बाजूचं झाकण काढून पंखा लावून ठेवा. प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ अडकलेली असते. पण कूलरची हवा थेट देऊ नका, ओलावा नको.

आणि कॉपी चालू असताना ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून त्याच्या पानावर दोन्ही डिस्कची तब्येत काय दाखवते ते पाहा.

धागाकर्ती:
रात्री दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा उठून पुन्हा कमांड दिली, बाबाही जागेच होते. सकाळी ८ ला पूर्ण झालं. ३२० जीबी, एकही फाइल 'फेल्ड' नाही. २०१२, २०१६ आणि मागच्या वर्षीच्या प्रत्येकी दहा फाइल्स उघडून पाहिल्या. श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या पेजमेकर फाइल्ससुद्धा अक्षर न अक्षर बरोबर आहेत. कॉपी त्याच डिस्कवरून उघडली, झेडवरून नाही, हे दोनदा तपासलं.

डब्याच्या पानावर मात्र लाल खूण आहे. पहिली डिस्क 'नॉर्मल', दुसरी 'डिग्रेडेड', रिअलोकेटेड सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांचा) आकडा ४०० च्या वर. कधीपासून असेल कोण जाणे, ते पान आम्ही वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतं. ते भाऊ आले असते तर कुठली डिस्क काढली असती हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही.

नव्या मशीनला वायर लावली. आयपी १९२.१६८.०.१२ आला, पिंगला उत्तर आलं! पण फोल्डर उघडताना आता वेगळा संदेश आहे: हे शेअर सुरक्षित नाही, त्याला जुनं एसएमबी १ लागतं, असं काहीतरी.

फुटाळाकाठ:
छान प्रगती. आता रस्ता झाला, भाषेचा प्रश्न राहिला. डब्याच्या त्याच पानावर 'फाइल सर्व्हिसेस' किंवा 'विंडोज शेअरिंग' असा भाग असेल. तिथे एसएमबी २ चालू करायची खूण किंवा 'जास्तीत जास्त प्रोटोकॉल' अशी यादी आहे का बघा. त्या काळात बऱ्याच पेट्यांत एसएमबी २ असायचं, पण कारखान्यातून बंद यायचं. कॉपी हाती आहे, आता सेटिंगला हात लावायला हरकत नाही.

धागाकर्ती:
होती, अ‍ॅडव्हान्स्डच्या आत एक रिकामी चौकट. टिक केलं, डबा पुन्हा सुरू केला. आता संदेश तिसराच: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश बंद आहे, अशा अर्थाचा. आमची कुठली संस्था? मी तर असं काही लावलेलं नाही.

धंतोलीकर:
तुम्ही नाही लावलं, विंडोजनेच लावलं आहे. तुमच्या डब्याला पासवर्डच नाही, जो येईल त्याला 'गेस्ट' म्हणून आत घेतो. विंडोज ११ प्रो २४एच२ या आवृत्तीपासून असं बिनओळखीचं जोडणं नाकारतं. शिवाय प्रत्येक निरोपावर सही असलीच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो, आणि सही पासवर्डातून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही तर सही कुठून होणार? नेटवर हे धोरण बंद करायच्या युक्त्या सापडतील, त्या करू नका. अडचण डब्याकडे आहे, तिथेच सोडवू.

डब्याच्या पानावर एक युजर तयार करा, नाव इंग्रजीत, पासवर्ड लांबसा. फोल्डरच्या परवानग्यांमध्ये त्याला वाचायचा-लिहायचा हक्क द्या, मग गेस्ट बंद करा. नव्या मशीनवर नाव-पासवर्ड विचारला की हाच द्यायचा. मशीन उघडायचा पिन किंवा मायक्रोसॉफ्टचा ईमेल तिथे चालत नाही. बहुतेक लोक इथेच तासभर अडकतात. आधीचा चुकीचा प्रयत्न साठवलेला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) काढून टाका. जुन्या मशीनवरचा झेडही आता पासवर्ड मागेल, घाबरू नका.

धागाकर्ती:
उघडलं!!

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी नव्या मशीनवर झेड ड्राइव्ह आला. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सगळ्यात आधी २०१२ चा फोल्डर उघडायला सांगितला. त्यात त्यांनी स्वतः बसवलेलं पहिलं पुस्तक आहे. फाइलची यादी खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "आहे न बाप्पा सगळं."

वर्धारोड, तुमचा अंदाज अर्धा बरोबर निघाला, तुमचेही आभार. आज रात्री दोन अहवालांचे प्रूफ पाठवायचे आहेत, त्या कामाला लागते. एक शेवटचं विचारते: आजारी डिस्क लगेच बदलू का, की अहवाल संपेपर्यंत थांबू? आणि राउटरचं काय करू?

फुटाळाकाठ:
राउटरला ३० तारखेपर्यंत हात लावू नका. नंतर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका म्हणजे सगळं एकाच नेटवर्कवर येईल. त्यात डब्याचा पत्ता बदलावा लागेल, तेव्हा याच धाग्यावर विचारा. जुनं विंडोज ७ पेजमेकरपुरतं ठेवा, त्याला इंटरनेट नको. २०२० च्या जानेवारीपासून त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

डिस्क बदलायला मात्र थांबू नका. नवी आहे त्याच मापाची किंवा मोठी घ्या, पण तुमचा डबा किती टीबीपर्यंत घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहून. काढताना पानावर 'डिग्रेडेड' दाखवलेल्या डिस्कचा सिरियल नंबर कागदावर लिहा, डबा बंद करा, डिस्कवरच्या चिठ्ठीशी नंबर जुळवा आणि मगच ओढा. कप्पा एक आणि दोन यावर विसंबू नका. आणि ती १ टीबीची डिस्क रात्री दुकानात ठेवू नका, घरी न्या.